वाचकांचे प्रश्न : ब्रह्मदेशाचे लोक कोण आणि कुठले?

म्यानमार, म्हणजे आपल्या जुन्या परिचयाचा ब्रह्मदेश, येथील लोकसमूहांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत.

प्रश्न : रत्नागिरीचा थिबा राजवाडा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. थिबा हा ‘ब्रह्मदेशाचा राजा’ होता, एवढेच आम्हाला सांगितले जाई. म्यानमारमध्ये १३५ वांशिक गट आहेत, असे अलीकडे वाचनात आले. मग थिबा यांपैकी कोणाचा राजा होता आणि हे इतके गट मुळात आले कुठून? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : थिबा हा कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. इरावतीच्या खोऱ्यातील मधला कोरडा प्रदेश हा बर्मी भाषा बोलणाऱ्या बहुसंख्य समाजाचा, म्हणजे बमार लोकांचा, गाभ्याचा मुलूख होय. तेथील श्वेबो या गावी अलौंगपया याने १७५२ मध्ये या घराण्याची स्थापना केली. थिबा स्वतः बमार राजा मानला जाई. परंतु ज्या नावाने आपण त्याला ओळखतो, ते मात्र शान लोकांच्या एका संस्थानाचे आहे. राजपुत्राला एखाद्या गावाचा महसूल तोडून द्यायचा आणि त्याच गावाच्या नावाने त्याला ओळखायचे, अशी तेथील दरबाराची रीत होती. १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज–बर्मी युद्धात त्याचे राज्य गेले, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणण्यात आले, १९१० मध्ये तो राजवाड्यात राहावयास गेला आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, आजच्या नकाशावर जो म्यानमार दिसतो, त्या सगळ्यावर थिबाची सत्ता नव्हती. आराकान आणि तेनासरीम हे प्रांत १८२६ च्या यांदाबोच्या तहाने, तर पेगूचा दक्षिणेकडील सुपीक प्रदेश १८५२ च्या युद्धात इंग्रजांकडे गेला होता. पूर्वेकडील शान संस्थानिक मंडालेच्या राजाला नजराणा देत, पण कारभार आपला आपण करीत; आणि उत्तरेकडील काचिन व पश्चिमेकडील चिन डोंगरांत राजाचा हुकूम फारसा पोहोचतच नसे. या सर्व प्रदेशांना एकाच सीमेच्या आत कोंडले ते इंग्रजी राजवटीने, आणि कोणती जमात कोणती याच्या याद्या करण्याची सवयही जनगणनेच्या निमित्ताने तिनेच लावली.

आता १३५ या आकड्याविषयी. म्यानमार सरकार आठ ‘प्रमुख राष्ट्रीय वंश’ मानते आणि त्यांत पोटगट पाडते: काचिन १२, कया ९, कॅरेन ११, चिन ५३, बमार ९, मोन १, राखाइन ७ आणि शान ३३. बेरीज १३५ भरते. मात्र ही यादी बारकाईने पाहिली की तिच्यावरचा विश्वास उडतो. शान या सदराखाली वा आणि पलाउंग आहेत, ज्यांच्या भाषा ख्मेर भाषेच्या कुळातल्या आहेत; तेथेच लाहू आणि आखा आहेत, ज्यांच्या भाषा तिबेटी–बर्मी आहेत; आणि तेथेच कोकांग आहेत, जे चिनी बोलतात. खऱ्या शान लोकांशी या सर्वांचे साम्य एवढेच की ते त्याच पठारावर राहतात. नागा आणि मणिपूरचे मैतेई यांना चिन सदरात घातले आहे. सर्वांत नवल म्हणजे दक्षिणेकडील मेरगुई द्वीपसमूहात होड्यांवर आयुष्य काढणारे सलोन किंवा मोकेन हे लोक बमारांचा पोटगट ठरले आहेत. त्यांची भाषा मलय आणि फिलिपिनो भाषांच्या कुळातील असून बर्मी भाषेशी तिचे काही नाते नाही. ही यादी वंशशास्त्राची नसून प्रशासनाच्या सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ शोधायचे तर भाषाकुलांचा माग काढणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग होय. ख्मेर कुळातील भाषा बोलणारे लोक, म्हणजे मोन, वा आणि पलाउंग यांचे पूर्वज, या प्रदेशात फार प्राचीन काळापासून आहेत. तिबेटी–बर्मी भाषा बोलणारे समूह उत्तरेकडून, आजच्या चीनमधील युन्नानच्या बाजूने, नद्यांच्या खोऱ्यांतून टप्प्याटप्प्याने खाली उतरले. प्यू, बमार, राखाइन, चिन, काचिन, नागा आणि कॅरेन ही सगळी मंडळी या व्यापक कुळातली. ताई, म्हणजे थाई भाषेच्या कुळातील, भाषा बोलणाऱ्या शान लोकांचा प्रभाव त्यानंतरचा. १२८७ मध्ये मंगोल आक्रमणांच्या धक्क्याने बर्मी भाषिकांचे पगानचे साम्राज्य ढासळले, तेव्हा त्यांची संस्थाने पूर्वेच्या पठारावर आणि उत्तरेच्या खोऱ्यांत बलिष्ठ झाली.

परंतु हे वर्णन भाषांच्या प्रवासाचे आहे, रक्ताच्या प्रवासाचे नाही, आणि हा भेद विसरला की पुढचे सगळे गणित चुकते. एका जमातीने दुसरीला हुसकावून लावले आणि तिच्या जागी आपण वसली, असे चित्र शाळेच्या पुस्तकांतून उभे राहते. प्रत्यक्षात आधीचे लोक बहुधा जागच्या जागीच राहिले आणि दोन-चार पिढ्यांत नव्या सत्ताधाऱ्यांची भाषा बोलू लागले. बमार लोकांच्या मातृवंशाच्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासात जे मोठे वैविध्य आढळले, ते याच सरमिसळीचे द्योतक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काचिन डोंगरांत राहून अभ्यास करणाऱ्या एडमंड लीच या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने तर हे होताना जवळून पाहिले होते. डोंगरउतारावर फिरती शेती करणारे काचिन कुटुंब दरीत उतरून भातशेती करू लागले, बौद्ध झाले आणि शान भाषा बोलू लागले की, काही काळाने शेजारीपाजारी त्याला शानच म्हणू लागत.

प्रश्न : प्यू नावाच्या लोकांची प्राचीन शहरे जागतिक वारशाच्या यादीत आहेत, असे वाचले. मात्र १३५ गटांच्या यादीत प्यू हे नाव कोठेच नाही. हे लोक नष्ट झाले काय? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण वर जे म्हटले त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा प्यू लोकांच्या इतिहासात मिळतो. हलिन, बेइकथानो आणि श्रीक्षेत्र ही त्यांची विटांच्या तटबंदीची नगरे इरावतीच्या खोऱ्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून सुमारे एक हजार वर्षे नांदली. २०१४ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. म्यानमारला मिळालेला तो पहिलाच मान होता. तळी व कालवे बांधून पाणी अडवण्याची त्यांची विद्या प्रगत होती. मृतांच्या अस्थी ते कुंभांत ठेवीत, आणि श्रीक्षेत्र येथे मिळालेल्या दगडी अस्थिकुंभांवर सूर्यविक्रम, हरिविक्रम अशी राजांची नावे कोरलेली आहेत. त्यांची लिपी दक्षिण भारतातील लिपींवरून घडलेली होती. प्यू वादकांचे एक पथक ८०२ मध्ये थेट चीनच्या तांग दरबारी गेले होते आणि चिनी बखरकारांनी त्यांच्या वाद्यांची सविस्तर नोंद करून ठेवली आहे.

८३२ मध्ये युन्नानमधील नानचाओ राज्याने प्यूंच्या राजधानीवर हल्ला करून हजारो माणसे कैद करून नेली. पुढच्या काळात बर्मी भाषिकांचा जोर वाढला आणि अकराव्या शतकात अनव्रथा राजाच्या हाती पगानचे राज्य आले तेव्हा सत्तेची भाषा बदलण्यास सुरुवात झाली होती. पण ‘सुरुवात’ एवढेच म्हणावे. पगानजवळ म्याझेदी येथे १११३ च्या सुमाराचा एक चौकोनी स्तंभ आहे. राजकुमार नावाच्या राजपुत्राने, आजारी पडलेल्या आपल्या पित्यासाठी, क्यांझित्था राजासाठी, सोन्याची बुद्धमूर्ती घडवून जे दान दिले, त्याची हकिकत त्यावर कोरलेली आहे. आणि तीच हकिकत चार बाजूंना पाली, मोन, प्यू आणि बर्मी अशा चार भाषांत दिली आहे. या स्तंभामुळेच विसाव्या शतकाच्या आरंभी प्यू लिपीचे वाचन शक्य झाले. क्यांझित्थाचे स्वतःचे बहुतेक लेख मोन भाषेत आहेत, आणि त्याच्या राजवाड्याच्या उभारणीची हकिकत सांगणाऱ्या मोन लेखात बर्मी, प्यू आणि मोन लोकांनी आपापली गाणी म्हटल्याचा उल्लेख येतो. ज्या दरबाराला आज बमार राष्ट्राची गंगोत्री मानले जाते, तो दरबार असा बहुभाषी होता, ही गोष्ट तेथील राज्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावी असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत प्यू भाषेतील लेख विरळ होत जातात आणि मग थांबतात. त्यांचा संहार झाल्याचा पुरावा नाही. ते बर्मी बोलू लागले, आणि त्यांचे वंशज आज स्वतःला बमार म्हणवतात.

मोन लोकांचेही बऱ्याच प्रमाणात असेच झाले, फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत तलवारीचाही वाटा होता. थेरवाद बौद्ध धर्म आणि लेखनाची परंपरा बमारांना देण्यात मोनांचा भाग मोठा. पेगूचे त्यांचे राज्य तेराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या शतकापर्यंत भरभराटीत होते. १७५७ मध्ये अलौंगपयाने पेगू जिंकून उद्ध्वस्त केले, तेव्हा हजारो मोन सयामात पळाले, आणि जे मागे राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरांतून हळूहळू मोन भाषा नाहीशी झाली.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी ऐजॉलमध्ये राहतो. म्यानमारमधून आलेल्या चिन निर्वासितांना येथील लोक आपले भाऊबंद मानतात. हे नाते खरोखर किती जुने आहे? ईशान्य भारतातील इतर जमातींचेही असे संबंध आहेत काय? (एक वाचक, मिझोराम)

उत्तर : नाते खरे आहे आणि सीमारेषेहून पुष्कळ जुने आहे. मिझो, कुकी आणि चिन या एकाच समूहाच्या शाखा असून त्यांच्या भाषा एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत. आपले पूर्वज छिनलुंग नावाच्या गुहेतून किंवा खडकाखालून बाहेर आले, ही कथा थोड्याफार फरकाने या डोंगरांत दोन्ही बाजूंना सांगितली जाते. चिंद्विन नदीच्या खोऱ्यातून हे लोक डोंगरांकडे सरकले, असे त्यांच्या परंपरा आणि भाषेचा अभ्यास या दोहोंवरून दिसते. इंग्रजांनी १८९० च्या दशकात हा मुलूख ताब्यात घेऊन त्याचा कारभार वेगवेगळ्या प्रांतांत विभागला, आणि १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला तेव्हा एका कुळाची माणसे दोन देशांत वाटली गेली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर मिझोरामने हजारो चिन कुटुंबांना जो आसरा दिला, त्यामागे हीच आप्तभावना आहे. सीमेलगतच्या लोकांना सोळा किलोमीटरपर्यंत परवान्याविना ये-जा करण्याची जी मुभा होती, ती बंद करण्याचा निर्णय भारत सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा मिझोराममध्ये विरोध उमटला तोही याच कारणाने.

इतर उदाहरणे पुष्कळ आहेत. आसाम आणि अरुणाचलातील सिंगफो म्हणजेच काचिन प्रदेशातील जिंगफॉ. अरुणाचलातील खामती हे शान लोकांचे सख्खे आप्त. नागांची वस्ती तर सीमेच्या दोन्ही अंगांना आहे, आणि लोंगवा या कोन्याक गावातून प्रत्यक्ष सीमाच जाते. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहोमांचे: सुकाफा हा ताई सरदार शान मुलुखातून पातकाई डोंगर ओलांडून १२२८ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला, आणि त्याच्या वंशजांनी तेथे सुमारे सहाशे वर्षे राज्य केले. राज्य करता करता त्यांची ताई भाषा मागे पडली आणि ते असमिया झाले. इरावतीकाठी प्यूंनी जेत्यांची भाषा उचलली, ब्रह्मपुत्रेकाठी जेत्यांनी प्रजेची उचलली.

प्रश्न : कॅरेन लोक ख्रिस्ती असल्यामुळे बौद्ध सरकारशी लढत आहेत, हे खरे काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : बहुसंख्य कॅरेन आजही बौद्ध आहेत, त्यामुळे प्रश्नातील गृहीतक टिकत नाही. मात्र ‘कॅरेन राष्ट्र’ ही कल्पना ज्यांनी घडवली, त्या शिकलेल्या नेत्यांत ख्रिस्ती मंडळी अधिक होती, हे खरे. कॅरेन हे नाव स्गॉ, प्वो, पा-ओ, कया, कयान अशा अनेक समूहांना मिळून दिले जाते, आणि एकोणिसाव्या शतकापूर्वी हे सर्व स्वतःला एक मानत होते असे दिसत नाही. त्यांच्या भाषा तिबेटी–बर्मी कुळातल्या असल्या तरी वाक्यरचना निराळी आहे: बर्मी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते, कॅरेन वाक्यात ते कर्त्याच्या पाठोपाठ येते.

१८२८ मध्ये को था ब्यू हा पहिला कॅरेन माणूस अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांकडून ख्रिस्ती झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जोनाथन वेड या मिशनऱ्याने बर्मी अक्षरांवरून स्गॉ कॅरेनची लिपी तयार केली, शाळा निघाल्या, छापखाना आला. यवा नावाच्या निर्मात्याने दिलेला ग्रंथ आपण हरवला आणि तो एक दिवस परत येईल, अशी कथा कॅरेन लोकांत आधीपासून होती. ती मिशनऱ्यांच्या पथ्यावर पडली. १८८१ मध्ये कॅरेन नॅशनल असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजांनी कॅरेनांना सैन्यात आणि पोलिसांत घेतले, तर बमारांच्या मनात त्यामुळे परकीयांचे हस्तक ही प्रतिमा रुजली. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या काळात बर्मी स्वातंत्र्य सैन्याने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात कॅरेन खेड्यांवर जे अत्याचार केले, ती जखम पुढे भरली नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी स्वातंत्र्य चळवळीचे बमार नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन प्रतिनिधींबरोबर पांगलाँग करार केला. त्यावर कॅरेनांची सही नव्हती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आंग सान यांची हत्या झाली, ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि जानेवारी १९४९ च्या अखेरीस कॅरेनांचा सशस्त्र लढा सुरू झाला. तो भूमीचा आणि स्वायत्ततेचा लढा आहे.

जाता जाता एक माहिती: आपल्या अंदमानातही मायाबंदरच्या परिसरात कॅरेन वस्ती आहे. १९२० च्या दशकात इंग्रजांनी जंगलकामासाठी आणलेल्या कुटुंबांचे ते वंशज होत.

प्रश्न : एके काळी रंगूनमध्ये भारतीयांचीच संख्या अधिक होती, असे आजोबा सांगत. ते लोक कुठे गेले? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय होते, आणि सबंध देशात त्यांची संख्या सुमारे दहा लाख होती. तेलुगू व ओडिया मजूर, तमिळ चेट्टियार सावकार, गुजराती व्यापारी, बंगाली कारकून असा तो मेळा होता. (लोकमान्य टिळकांचे तेथील वास्तव्य अर्थातच वेगळ्या कारणाने: १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. रत्नागिरीत जन्मलेले टिळक थिबाच्या राजधानीत बंदिवान होते, त्याच वर्षांत थिबा रत्नागिरीत बंदिवान होता.) १९३० च्या दशकातील जागतिक मंदीच्या काळात चेट्टियारांकडे गहाण पडलेल्या जमिनी त्यांच्या मालकीच्या झाल्या आणि असंतोष भडकला. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले तेव्हा चार-पाच लाख भारतीय निघाले, त्यांतील फार मोठा भाग डोंगर तुडवत पायी आला, आणि वाटेत हजारो दगावले. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतल्यावर दुकाने व धंदे सरकारजमा झाले आणि आणखी सुमारे तीन लाख लोकांना देश सोडावा लागला.

प्रश्न : रोहिंग्या हे तेथील मूळ रहिवासी की बाहेरून आलेले? दोन्ही बाजू इतिहासाचाच दाखला देतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही बाजू इतिहासाचा अर्धा भाग सांगतात. आराकान, म्हणजे आजचा राखाइन प्रांत, हे १७८४–८५ पर्यंत स्वतंत्र राज्य होते आणि बंगालशी त्याचे संबंध अत्यंत निकटचे होते. म्राउक-ऊ येथील बौद्ध राजांच्या काही नाण्यांवर फारसी अक्षरे आहेत. सतराव्या शतकात दौलत काझी आणि आलाओल या बंगाली मुसलमान कवींना त्याच राजधानीत आश्रय मिळाला. आराकानी आणि पोर्तुगीज चाच्यांनी बंगालच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांचीही तेथे वस्ती झाली. १७९९ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजी चाकरीतील विद्वानाने, आराकानात दीर्घकाळ स्थायिक झालेले मुसलमान स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात, अशी नोंद केली. तेव्हा हा समाज इंग्रजांनीच आणला हे म्हणणे खोटे ठरते. त्याचबरोबर १८२६ नंतर चितगावकडून शेतमजूर मोठ्या संख्येने आराकानात आले, हेही तितकेच खरे आहे, आणि या नव्या-जुन्यांत आज कोणालाही रेषा ओढता येणार नाही.

तरीही कायद्याने रेषा ओढली. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून, म्हणजे पहिल्या इंग्रज–बर्मी युद्धाच्या आधीपासून, देशात असलेल्या समूहांनाच आपोआप नागरिक मानले, आणि कोणते समूह त्यात बसतात हे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. म्यानमारच्याच सरकारी रेडिओवरून १९६० च्या दशकाच्या आरंभी रोहिंग्या भाषेतील कार्यक्रम प्रसारित होत असत. पण १३५ च्या यादीत त्यांना स्थान मिळाले नाही, आणि २०१४ च्या जनगणनेत त्यांना स्वतःची नोंद रोहिंग्या अशी करू दिली गेली नाही. २०१७ मध्ये लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात गेली. एखाद्या माणसाचा पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी नदीच्या कोणत्या काठावर होता, यावर त्याच्या नातवंडांचे घर अवलंबून ठेवणे हे मला अन्यायाचे वाटते, मग इतिहासाचा पुरावा कोणत्याही बाजूने झुको.

शेजारच्या कमान समाजाची गोष्ट यासोबत पाहावी. औरंगजेबाचा भाऊ शाह शुजा १६६० मध्ये आराकानात पळून गेला आणि लवकरच तेथे मारला गेला. त्याच्या तिरंदाजांचे वंशज म्हणजे कमान, असे परंपरा सांगते. हेही मुसलमान, पण राखाइन सदराखाली १३५ च्या यादीत त्यांची नोंद आहे आणि कायद्याने ते नागरिक आहेत. २०१२ च्या दंगलींत क्याउकफ्यू येथील त्यांची घरेही जाळली गेली, आणि यादीतील नाव त्यांच्या उपयोगी पडले नाही.